दोन दिवस दुखेल

सुईताईचं खरं नाव भिंतीवरच्या नोंदणीच्या कागदावर होतं, पण तो कागद तिनं इतका उंच टांगला होता की वाचायला शिडी लागली असती. लोकांना ती सुईताईच. काचा कापून देणाऱ्याच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि एक कुरकुरणारा पंखा. आतल्या खोलीत लांब, अरुंद टेबल, त्याच्या एका टोकाला तोंड ठेवायचं भोक, खिडकीपाशी एक गोल स्टूल आणि भिंतीलगत लोखंडी कपाट. खालून काच तुटल्याचा आवाज आला की नवा रुग्ण दचकायचा. ती म्हणायची, "घाबरू नका, मोडतोड खाली चालते. वर आम्ही फक्त टोचतो."

तिच्या सुईत औषध नसायचं. हे पटवण्यातच तिचं अर्धं आयुष्य गेलं. इंजेक्शनची सुई पोकळ असते, हिची भरीव, केसासारखी बारीक. स्नायू वर्षानुवर्षं एकाच तऱ्हेनं राबला की त्यात वाटाण्याएवढ्या गाठी धरतात. त्या गाठीत नेमकी सुई गेली की स्नायू आतल्या आत एक उडी मारतो आणि सैल पडतो. त्या उडीला ती 'मासा' म्हणायची. "लागला मासा!" असं ती ओरडली की टेबलावरचा माणूस कण्हता कण्हता हसायचा. त्यात गाठ एकीकडे आणि कळ भलतीकडे, असा सगळा प्रकार. डोकं दुखतं म्हणून आलेल्याच्या खांद्याला ती हात घालायची, तेव्हा लोक म्हणायचे, "हे म्हणजे दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!" ती म्हणायची, "रेड्यानं बोलायचं नसतं. पडून राहा."

तोंडानं एवढी सैल, पण कामात खाष्ट. तिला शिकवणाऱ्या सरांनी मानेपासून खांद्यापर्यंत जाणारा स्नायू पहिल्याच दिवशी स्वतःच्या अंगावर धरून दाखवला होता. त्याच्या खाली अगदी जवळ फुप्फुसाचं टोक येतं. "इथं सुई लावायची तर माणूस आडवा हवा," सर म्हणाले होते. "स्नायू चिमटीत धरायचा, बरगडीपासून वर उचलायचा आणि सुई कायम आपल्याच अंगठ्याच्या दिशेनं न्यायची. चुकली तर आपल्या अंगठ्यात घुसेल, त्याच्या छातीत नाही. चिमूट सुटली की सुई बाहेर. आणि बसलेल्या माणसाच्या खांद्याला सुई नाही, मग तो राजा का असेना." बावीस वर्षांत तिच्या डाव्या अंगठ्यात तीनदा सुई घुसली होती आणि त्याचा तिला अभिमान होता.

शिवाय एक कागद होता. सहा ओळींचा, तिनंच लिहिलेला. चौथी ओळ अशी: सुई लावल्यावर छातीत टोचू लागलं, कोरडा खोकला आला किंवा धाप लागली, तर वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा. त्याखाली सही केल्याशिवाय ती कुणाला टेबलावर चढू द्यायची नाही. आणि जाताना प्रत्येकाला एक ठरलेलं वाक्य मिळायचं. "दोन दिवस दुखेल, मग मोकळं वाटेल." जुने रुग्ण ते तिच्या आधीच म्हणून दाखवायचे.

एकाच माणसानं त्या कागदावर कधी सही केली नव्हती. तो तिचा दादा.

दादा छताला गिलावा करायचा. भिंतीचा गिलावा कुणीही शिकतो, छताचा माल निम्मा अंगावर पडतो. वडील गेले तेव्हा तो सोळाचा होता, ही सहाची, आई अंथरुणाला खिळलेली. त्यानं शाळा सोडली आणि परांचीवर चढला. तेव्हापासून चाळीस वर्षं थापी हातात आणि तोंड आभाळाकडे, फक्त मध्ये छत. तिची शाळा, कॉलेज, सुईचं शिक्षण, सगळं दादाच्या मानेवर झालं. हे ती लोकांना गमतीनं सांगायची. एकटी असली की तिला त्यात काडीची गंमत वाटायची नाही. सिमेंटची धूळ आणि वरून बिड्या, त्यामुळे दादा सकाळी खोकायला लागला की गल्लीत कुणाला घड्याळ लागायचं नाही.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. अख्ख्या भागात जिच्या हाताचं नाव निघायचं, तिला दादा 'ठमे' म्हणायचा. मान अडकली की भर दुपारी यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "ठमे, आटप. माल कालवून ठेवलाय." टेबलावर मात्र झोपायचा नाही. "मढ्यासारखा पालथा पडणार नाही मी. बसून कर." पहिल्यांदा तिनं वाद घातला. मग कंटाळून त्याला स्टूलवर बसवून सुई लावली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा लावली, तेव्हाही काही झालं नाही. अशी सहा वर्षं गेली. कागदाचं तर तिच्या मनातही आलं नाही. घरच्या माणसाला कसला कागद? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याची सालटी काढली असती. पण दादापुढे ती बावीस वर्षं काम केलेली बाई नव्हतीच. ती ठमी होती, आणि ठमीनं सांगायचं आणि दादानं ऐकायचं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

त्या मंगळवारी तो आला आणि शर्ट काढून स्टूलवर बसला. तिनं खांद्याला हात लावला. चिमटीत धरायला मांसच नव्हतं, नुसती कातडी आणि आत दोरीसारखा पीळ.

"जेवतोस की नाही रे?"

"तुझी वहिनी वाढते तेवढं जेवतो."

"मग आणखी वाढायला सांग."

"सांगायला तिच्याकडे बघावं लागतं. मान वळत नाही." तो थांबला, मग स्वतःच खुदखुदायला लागला. "काल म्हणाली, तुमची मान डावीकडे वळत नाही तेच बरंय. शेजारीण डावीकडेच राहते."

ती हसली. सुई आत गेलेली होती. दादाही हसला, हसता हसता त्याला खोकला आला, खांदा उसळला आणि तिची चिमूट सुटली. चिमूट सुटली की सुई बाहेर. हे तिचा हात झोपेतही विसरला नसता. पण ती हसत होती, आणि उजवा हात एवढासा पुढे गेला. स्नायूचा रेटा एकदम संपला. सुई कशातच नसल्यासारखी मोकळी झाली.

दादाचं हसू तिथंच थांबलं. "आत टोचलं गं."

तिनं सुई काढली. अंगठ्याकडे पाहिलं. अंगठ्याला काही झालेलं नव्हतं.

"मासा लागला," ती म्हणाली.

मासा लागला नव्हता. गेल्या बावीस वर्षांत ती हे वाक्य खोटं कधी बोलली नव्हती.

"दोन दिवस दुखेल…"

"…मग मोकळं वाटेल. ठाऊक आहे." दादानं शर्ट चढवला आणि गेला. जिना उतरताना तो खोकला. त्याचा रोजचा खोकला ओला, खळखळणारा असायचा. हा कोरडा होता. ती हातात सुई घेऊन तो खाली पोचेपर्यंत ऐकत उभी राहिली.

संध्याकाळी सातला त्याचा फोन आला. "ठमे, श्वास घेताना टोचतंय गं. छातीत. असं कधी झालं नव्हतं."

चौथी ओळ तिचीच होती, तिच्याच अक्षरातली. 'तडक दवाखाना गाठ' एवढंच म्हणायचं होतं, पण ते म्हटलं की पुढचं सगळं आलं. का, कशानं, कुणी केलं. बसवून केलं? सही कुठं आहे? नोंदणी जाईल, या दोन खोल्या जातील. आणि त्याहून वाईट म्हणजे दादा विचारेल, यासाठी शिकवलं का तुला? याची तिला खरी भीती वाटली. तिनं स्वतःची समजूत घातली की स्नायूही असाच टोचतो, शंभरात नव्व्याण्णवांना तोच टोचतो.

"दोन दिवस दुखेल दादा," ती म्हणाली. "शेक घे."

"बरं. तू म्हणतेस तर."

बुधवारी तिनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा वहिनीनं उचलला. "कामावर गेलेत. धाप लागतेय, पण ऐकतील तर शपथ. म्हणाले, ठमीनं सांगितलंय, दोन दिवस दुखणारच." चाळीस वर्षांत दादानं कुणाचं ऐकलं नव्हतं. ऐकलं ते हे एक. गुरुवारी दुपारी वहिनीचाच फोन आला. त्याला बोलता येत नव्हतं आणि ओठ निळे पडले होते.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. एका बाजूचं फुप्फुस मिटून कोपऱ्यात गेलं होतं आणि बाकीची जागा हवेनं भरली होती. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं फोटो उजेडात धरला. "कशानं झालं हे? पडलात का? छातीला काही लागलं?"

दादाच्या तोंडावर हवेचा मास्क होता. वहिनी उशाशी होती, सुईताई पायथ्याशी. दादानं सुईताईकडे पाहिलं. चांगले दोन-तीन श्वास पाहिलं. तिची नजर चादरीवर होती. डॉक्टरनं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं मास्क बाजूला केला.

"परांचीवरून पाय घसरला," तो म्हणाला.

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. सुईताई गप्प राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण आपल्या मुठीत काय आहे ते तिला पुरतं ठाऊक होतं.

छातीत नळी घातली. नळीचं दुसरं टोक पलंगाखालच्या पाण्याच्या बाटलीत होतं. दादानं श्वास सोडला की बाटलीत बुडबुडे यायचे. ते थांबले की भोक बुजलं, असं समजायचं. धडधाकट माणसाचं दोन-चार दिवसांत बुजतं. दादाचं फुप्फुस धुळीनं आणि धुरानं आधीच चाळणी झालं होतं. बुडबुडे थांबेनात.

ती रोज चारला जायची. जिना चढताना वाक्य जुळवायची. दादा, त्या दिवशी माझी चिमूट सुटली. वरच्या पायरीपर्यंत वाक्य शाबूत असायचं. ती आत गेली की दादा वहिनीला म्हणायचा, "जा, चहा पिऊन ये. तुझी भुणभुण नको जरा." वहिनी निमूट जायची. सुईताईला वाटायचं, खरंच, वहिनीच्या काळजीनं कावला असेल बिचारा. मग ती त्याची उशी सारखी करायची, पायथ्याचा तक्ता वाचायची, खाली वाकून बाटली पाहायची.

"आज कमी आहेत बुडबुडे."

"हं. अजून काय?"

"अजून काही नाही. ताप नाहीये."

"अजून काय, ठमे?"

"काचवाल्यानं नवं यंत्र आणलंय. दिवसभर कानठळ्या."

तो डोळे मिटायचा. ती म्हणायची, थकलास तू, झोप. बाहेर आली की ती स्वतःला शिव्या घालायची आणि ठरवायची, उद्या. रोज ठरवायची. अशानं उद्या कधी येत नाही हे तिलाही कळत होतं, पण दारातून आत पाऊल टाकलं की हात आधी उशीकडे जायचा. आठव्या दिवशी त्याला ताप चढला. नवव्या दिवशी सकाळी फोन आला. ती पोचली तेव्हा नर्स नळी काढत होती. बाटलीतलं पाणी पहिल्यांदाच अगदी स्थिर होतं.

मृत्यूच्या दाखल्यावर जुना फुप्फुसाचा आजार असं आलं. भेटायला येणारे म्हणाले, सिमेंटनं खाल्ला माणूस. आणि शेवटपर्यंत बहिणीनं किती केलं, रोज चारच्या ठोक्याला हजर. ती मान डोलवायची. कुणी आणखी कौतुक केलं की उठून पाणी आणायला जायची.

दहा दिवसांनी तिनं खोल्या उघडल्या. कंबर, पोटरी, कोपर, सगळं पूर्वीसारखं चालू झालं. फक्त खांदा दाखवला की म्हणायची, "तिथं आता करत नाही." मासा लागला तरी ओरडायची नाही. लोक म्हणाले, भावाचं दुःख आहे, जाईल हळूहळू. स्टूलवर तिनं धुतलेल्या टॉवेलांची चळत रचली, म्हणजे कुणी बसायला नको.

चार महिन्यांनी, एका दुपारी वहिनी आली. वहिनी एका लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. दिवसाला दोनशे चादरी, त्यात मान धरली तर नवल नव्हतं. या चार महिन्यांत दोघी भेटल्या होत्या त्या चार माणसांत. वहिनीनं काही न बोलता टॉवेलांची चळत उचलली, टेबलावर ठेवली आणि स्टूलवर बसली.

"मान धरलीय गं. टोच."

"आडवी पड वहिनी. टेबलावर."

"हे इथंच बसायचे ना?"

सुईताईनं कपाट उघडलं. आत काय शोधायचं तेच तिला आठवेना. "हो."

"मग मीही बसते."

"नाही वहिनी. बसून नाही करत मी." तिनं कागद काढला. "आणि आधी यावर सही लागते."

वहिनीनं चष्मा लावला. ती एकेका ओळीखाली बोट धरून वाचत गेली आणि बोट चौथ्या ओळीवर थांबलं. ती ओळ तिनं मोठ्यानं वाचली, शाळेतल्या मुलीसारखी सावकाश. छातीत टोचू लागलं. कोरडा खोकला. धाप. वाट पाहू नका. मग तिनं वर पाहिलं.

"हा कागद ह्यांना दिला होतास का गं?"

खाली काच तुटली. सुईताईनं कपाटाची कडी धरली होती.

"वहिनी, दादा परांचीवरून पडला नव्हता. माझी सुई लागली त्याच्या फुप्फुसाला. बसवून केलं, हसले, चिमूट सुटली. मला तेव्हाच कळलं. फोन आला तेव्हाही कळलं होतं. तरी शेक घे म्हणाले."

सगळं बोलायला अर्धं मिनिटही लागलं नाही. ती थोबाडीत बसायची वाट पाहत राहिली. बसली असती तर तिला बरंच वाटलं असतं.

वहिनीनं चष्मा काढला, मिटला आणि डबीत ठेवला. "माहीत आहे."

"तुला…"

"नळी घातली त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, आत्ता विचारते तिला. तर मास्क काढून ओरडले माझ्यावर. म्हणाले, खबरदार विचारलंस तर. ठमीच्या पोटात लहानपणापासून काही राहत नाही, तिचं ती सांगेल. नुसतं तिला एकटी येऊ दे माझ्याजवळ." वहिनी उठली. "तू आलीस की मला रोज चहाला का पिटाळायचे, काय वाटलं तुला?"

सुईताईनं कपाटाची कडी सोडली.

"आठ दिवसांत एकदाही चहा प्यायले नाही मी. बाहेर बाकावर बसायची. तू गेलीस की आत जाऊन विचारायची, बोलली का? ते मान हलवायचे, नाही म्हणून. मानेचं दुखणं तसंच होतं त्यांचं. नाही म्हणायलासुद्धा कळ यायची." तिनं पिशवी खांद्याला लावली. सही न केलेला कागद तिनं टॉवेलांवर ठेवला. "माझी मान ठीक आहे. मी टोचून घ्यायला आले नव्हते. चार महिने वाट पाहिली, मग वाटलं, त्यांच्या स्टूलवर जाऊन बसावं, तेव्हा तरी बोलेल. बोललीस. पण मला सांगून काय उपयोग?"

ती दारापर्यंत गेली. सुईताई तिच्या मागे गेली, तिची पिशवी धरली, सोडली. "वहिनी, तो रागावला होता का? शेवटी काही म्हणाला का?"

वहिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबली. तिचे डोळे आत्ता भरून आले.

"आठव्या दिवशी तू गेल्यावर मी भांडलेच त्यांच्याशी. म्हटलं, कसली बहीण ही, बोलत नाही. अंगात ताप, धड शुद्ध नाही, तरी तुझीच बाजू घेतली. म्हणाले, थांब गं. दोन दिवस दुखेल तिला, मग मोकळं वाटेल."

आणि ती कठड्याला धरून जिना उतरली.